भांग, गांजा, चरस : एका वनस्पतीची तीन नावे



यंदाच्या स्मृतिव्याख्यानासाठी ‘अमली पदार्थ आणि विद्यार्थी’ असा विषय शाळेने सुचविला. हा विषय वैद्याचा किंवा वकिलाचा. भाषेच्या अध्यापकाने त्यात पडण्याचे कारण काय, अशी शंका कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु या विषयाची व्याप्ती एका वनस्पतीपुरती मर्यादित केली, तर त्यातील अर्धे वाद शब्दांच्या गोंधळातून उत्पन्न झालेले आहेत, असे दिसून येते. शब्दांचा गोंधळ निस्तरणे हा तर माझा जन्माचा व्यवसाय. म्हणून हे निमंत्रण मी स्वीकारले.

ती वनस्पती म्हणजे भांगेचे झाड. तिच्याविषयी आपल्या समाजात दोन मते अत्यंत ठामपणे बोलली जातात. एक असे की, ही महादेवाची बुटी, निसर्गाने दिलेली. हिच्याने कोणाचे काय वाईट होणार? दुसरे असे की, गांजाचा एक झुरका घेतला की माणूस वेडा झालाच. महाशिवरात्रीला जे गृहस्थ पहिले मत मांडतात, तेच दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या मुलाविषयी बोलताना दुसरे मत मांडतात, हा अनुभव आपणा सर्वांचा असेल. या दोन्ही मतांची साक्षी-पुराव्यानिशी छाननी करण्याचा एक फार मोठा प्रयत्न आपल्याच देशात सुमारे १३० वर्षांपूर्वी झाला होता. त्याची माहिती आपल्या सुशिक्षितांनाही क्वचितच असते. माझ्या आजच्या विवेचनाचा मोठा भाग त्या प्रयत्नाविषयी आहे.

प्रथम नावांकडे वळू. लिनियसने १७५३ मध्ये या वनस्पतीला ‘कॅनॅबिस सॅटायव्हा’ हे शास्त्रीय नाव दिले. पुढे १७८५ मध्ये लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने भारतातील नमुन्यांवरून ‘कॅनॅबिस इंडिका’ ही वेगळी जात कल्पिली. या दोन खरोखर वेगळ्या जाती आहेत की एकाच जातीचे प्रकार, हा वाद वनस्पतिशास्त्रज्ञांत अजून चालू आहे. आपल्या भाषांनी मात्र झाडाला नाव देण्यापेक्षा त्याच्या अंगांना नावे देणे पसंत केले. वाळविलेली पाने ती भांग. मादी झाडाचे, राळेने चिकट झालेले फुलोऱ्याचे शेंडे तो गांजा. आणि ती राळच खरवडून वा चोळून वेगळी काढली, म्हणजे तो चरस. भांग वाटून, घोटून पितात. गांजा आणि चरस चिलमीतून ओढतात. भांग तुपात परतून केलेल्या मिठाईला ‘माजूम’ म्हणत. हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. भांग पिणारा तो भंगड, गांजा ओढणारा गांजेकस, चरस ओढणारा चरसी, असे व्यसनी माणसांचेही वर्ग भाषेने पाडून ठेवले आहेत, आणि त्या तिन्हींत तुच्छतेची मात्रा सारखी नाही, हे मराठी कानाला सांगावे लागत नाही. (‘गांजलेला’ या शब्दाचा गांजाशी काही संबंध नाही, तो ‘गंजन’ म्हणजे छळ यावरून आलेला मानतात. परीक्षेत विद्यार्थी हा संबंध हमखास जोडत, म्हणून सांगून ठेवतो.)

या नावांच्या जोडीला आणखी एक गोंधळ आहे. इंग्रजीत ज्याला ‘हेम्प’ म्हणतात, त्या एका शब्दात आपला ताग आणि आपली अंबाडीही कोंबली गेली. ताग हा शेंगाकुळातला, अंबाडी जास्वंदीच्या कुळातली. दोहोंचाही नशेशी काडीचा संबंध नाही. अंबाडीच्या पानांचा आकार भांगेच्या पानांसारखा दिसतो, म्हणून तिच्या शास्त्रीय नावात ‘कॅनॅबिनस’ असे विशेषण आले, एवढेच. आपल्या घरी ज्वारीच्या कण्या घालून होणारी अंबाडीची भाजी निश्चिंतपणे खावी.

भाषेने केलेली ही त्रिविध विभागणी लोकांच्या सूक्ष्म निरीक्षणातून आलेली होती. या वनस्पतीत नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. नराच्या परागाने मादीचे फूल फळले की राळ कमी होते. हे शेतकऱ्यांना प्रयोगशाळेविना ठाऊक होते. आज बांगलादेशात असलेल्या राजशाही भागातील नौगाव येथे गांजाची शेती सरकारी परवान्याने होत असे. तेथे ‘पोद्दार’ नावाचा जाणकार शेतातून फिरून नर झाडे फुलण्यापूर्वीच ओळखून उपटवीत असे. इंग्रज अधिकारी त्याला ‘गांजाचा डॉक्टर’ म्हणत. मध्य प्रांतात खांडव्याच्या बाजूला, आणि आपल्या मुंबई इलाख्यात नगर व खानदेश या भागांत गांजाचे पीक घेतले जाई. चरस मात्र मुख्यतः बाहेरून, मध्य आशियातील यारकंदहून लेहच्या मार्गाने पंजाबात उतरत असे.

पश्चिम किनाऱ्यावरील या वनस्पतीचा एक प्रसिद्ध जुना साक्षीदार म्हणजे गोव्यातील पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता. त्याचा भारतीय औषधींवरील संवादरूप ग्रंथ गोव्यातच १५६३ मध्ये छापला गेला आणि त्यातील आठवा संवाद भांगेवर आहे. त्यात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याची एक गोष्ट येते. मार्तिं अफोंसु द सोझा या पोर्तुगीज सरदाराला सुलतानाने विश्वासाने सांगितले की, रात्री आपल्याला पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान वा इराण पाहावेसे वाटले, तर थोडी भांग खाल्ली की काम होते. समुद्रावर पोर्तुगीजांचे राज्य आणि सुलतानाचा प्रवास बिछान्यावरून! गोष्ट गमतीची आहे, पण ऑर्ताची दृष्टी महत्त्वाची. तो निंदा करीत नाही आणि स्तुतीही करीत नाही. कोण घेतो, कशात मिसळून घेतो, त्याचा परिणाम काय होतो, हे विचारतो.

या विषयाचे आपल्या सुरतेशीही एक नाते आहे. सुरत आणि भडोच जिल्ह्यांचे १८७७ चे गॅझेटियर अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. मुंबई इलाख्याच्या त्या संपूर्ण गॅझेटियर-मालेचे संपादक जेम्स मॅकनॅब कॅम्बेल. याच कॅम्बेलसाहेबांनी पुढे मुंबईत जमीनमहसूल, जकात आणि अफू या खात्यांचे कलेक्टर असताना भांगेच्या धार्मिक स्थानाविषयी एक दीर्घ टिपण लिहून सरकारी चौकशी आयोगाला सादर केले. शिवभक्त, जोगी, फकीर यांच्या मनात या वनस्पतीविषयी कोणता भाव आहे, हे त्यांनी इतक्या समरसतेने लिहिले आहे की, एखाद्या कलेक्टराच्या लेखणीतून ते उतरले यावर विश्वास बसत नाही. सरकारी दप्तरात जागा मिळालेला तो एक ललितनिबंधच म्हणावा लागेल.

आता त्या आयोगाकडे येतो. ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ असे त्याचे नाव. इंग्लंडातील मद्यपानविरोधी चळवळीचे पुढारी डब्ल्यू. एस. केन यांनी मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारला. भारतातील गांजाच्या लागवडीचा आणि तिच्या शारीरिक-नैतिक परिणामांचा तपास करावा, अशी मागणी होती. त्याच वर्षी जुलैमध्ये भारत सरकारने आयोग नेमला. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे पंजाबातील वरिष्ठ महसूल अधिकारी. सभासदांत मुंबई इलाख्यातील कलेक्टर ओमनी होते, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन होते, आणि तीन भारतीय होते : ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, पंजाबातील कुंवर हरनामसिंह अहलुवालिया आणि मुजफ्फरनगरचे लाला निहालचंद.

आयोगाने ७० प्रश्नांची छापील प्रश्नावली काढली. वर्षभरात ब्रह्मदेशापासून सिंधपर्यंत हिंडून १,१९३ साक्षीदारांच्या साक्षी नोंदविल्या; त्यांत सरकारी अधिकारी, डॉक्टर, वैद्य, हकीम, मिशनरी, शेतकरी, व्यापारी असे सर्व थरांतील लोक होते. अहवाल आणि परिशिष्टे मिळून सात खंड आणि तीन हजारांहून अधिक पाने झाली. एवढे दप्तर सरकारे नेहमीच निर्माण करतात, त्याचे कौतुक नाही. कौतुक आहे ते एका प्रकरणाचे.

वेड आणि गांजा यांचा संबंध हा चौकशीचा गाभा होता. देशभरातील वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक तक्ते सरकारकडे होते, आणि त्यांत दाखल रुग्णांच्या वेडाचे कारण म्हणून ‘गांजा’ हा शब्द वर्षानुवर्षे ठळकपणे येत होता. पार्लमेंटात जी चिंता व्यक्त होत होती, तिच्यामागे असल्या आकड्यांचे वजन होते. अन्य कोणत्याही समितीने ते तक्ते जसेच्या तसे उतरून घेतले असते. या आयोगाने विचारले : हा शब्द त्या रकान्यात लिहिला कोणी?

उत्तर उद्बोधक निघाले. रस्त्यात भटकणारा, असंबद्ध बोलणारा माणूस पोलीस पकडत. त्याच्यासोबत एक वर्णनपत्र भरून मॅजिस्ट्रेटकडे आणि तेथून इस्पितळाकडे जाई. त्या पत्रात ‘वेडाचे कारण’ असा एक रकाना होता. रकाना रिकामा ठेवणे कोणत्याही काळातल्या कारकुनाला आवडत नाही. नातेवाईक हजर नसत. दुसरे कारण सुचत नसे. मग माणूस कधीकाळी गांजा ओढत होता असे कोणी म्हणाले, किंवा तो बैराग्यासारखा दिसला, की ‘गांजा’ असे लिहिले जाई. इस्पितळाचे अधिकारी तेच आपल्या वहीत उतरवीत आणि वर्षअखेर तेच सरकारी आकडेशास्त्र बने.

आयोगाने १८९२ या एका वर्षातील दाखल रुग्ण घेतले. एकूण १,३४४. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा वगैरे कारण लिहिलेले होते. या प्रत्येकाच्या गावी, घरी, नातेवाइकांकडे पुन्हा चौकशी करविली. तेव्हा ज्यांच्या बाबतीत काही संबंध मान्य करता येईल असे ९८ उरले. त्यांतही ३७ जणांच्या बाबतीत दुसरी कारणे मिसळलेली होती. म्हणजे केवळ या पदार्थांकडे बोट दाखविता येईल असे ६१. एका रकान्याच्या फेरतपासणीने आकडा २२२ वरून ६१ वर आला. याच्या जोडीला डी. डी. कनिंगहॅम या शास्त्रज्ञाने कलकत्त्यात माकडांना दीर्घकाळ गांजाचा धूर देऊन त्यांच्या मेंदूंची तपासणी केली. कायमची विकृती आढळली नाही.

आयोगाचा निष्कर्ष असा की, मर्यादित सेवनाने बहुतेकांना विशेष अपाय होत नाही. अतिसेवन शरीराला आणि मनाला घातक आहे, आणि ज्यांच्या मनाची घडण मुळातच दुर्बल आहे त्यांना वेडाकडे ढकलू शकते. संपूर्ण बंदीची शिफारस आयोगाने केली नाही. लागवडीवर नियंत्रण, परवाने आणि कर हा मार्ग सुचविला. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोघा भारतीयांनी मात्र भिन्नमतपत्रिका जोडून अधिक कडक धोरणाचा आग्रह धरला. हे मी मुद्दाम सांगतो. कारण ‘गोऱ्यांनी आमची भांग बंद केली’ असे एक वाक्य अलीकडे फार ऐकू येते. १८९४ मध्ये गोरे अध्यक्ष कर घेऊन चालू ठेवा म्हणत होते आणि दोन एतद्देशीय सभासद आवरा म्हणत होते. सरकारच्या तिजोरीला या कराचे उत्पन्न हवेहवेसे होते, ही गोष्टही निष्कर्ष वाचताना दृष्टीआड करू नये.

गांजाच्या समर्थनासाठी या अहवालाचा हवाला आज जगभर दिला जातो. त्यासाठी तो पुरेसा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आयोगाने पाहिलेली माणसे प्रायः प्रौढ होती : कष्टकरी, साधू, फकीर. चौदा-पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा हा त्यांच्या प्रश्नावलीचा विषयच नव्हता. आजच्या अर्थाने ज्याला साथरोगशास्त्र म्हणतात, म्हणजे हजारो माणसांचा गट वर्षानुवर्षे पाहून तुलना करण्याची पद्धत, ती तेव्हा जन्मली नव्हती. आणि गांजात नशा आणणारा घटक कोणता, हे त्या तीन हजार पानांत कोठेही नाही, कारण ते १८९४ मध्ये जगात कोणालाच ठाऊक नव्हते.

तो घटक सापडण्याची कथा फार रोचक आहे. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर विल्यम ओ’शॉनेसी यांनी १८३९ मध्ये गांजाच्या औषधी उपयोगावर निबंध लिहिला. आधी प्राण्यांवर, मग रुग्णांवर, असा क्रम ठेवून त्यांनी संधिवात, धनुर्वात, पटकी, लहान मुलांचे झटके यांत त्याचा अर्क देऊन पाहिला होता. (हेच गृहस्थ पुढे भारतात तारायंत्राच्या उभारणीचे प्रमुख झाले.) त्यांच्यामुळे हा अर्क युरोपच्या औषधालयांत पोहोचला, पण दर खेपेला त्याची तीव्रता वेगळी निघे. अफूतून मॉर्फीन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच वेगळे काढता आले होते. भांगेचा घटक मात्र स्फटिकरूपात हाती लागेना, कारण तो पाण्यात न विरघळणारा, तेलकट आहे.

तो १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफेल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध रूपात वेगळा केला. संशोधनासाठी लागणारा पाच किलो चरस मेशुलम यांनी पोलिसांकडून मागून आणला आणि बसमधून प्रयोगशाळेत नेला. सहप्रवाशांना वास आला, अशी आठवण ते सांगत. या घटकाचे लांबलचक नाव टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉल, संक्षेपाने टीएचसी. त्याच वनस्पतीत कॅनॅबिडायॉल, संक्षेपाने सीबीडी, हा दुसरा घटक असतो. त्याने नशा येत नाही.

आता आपल्या घरगुती ज्ञानाचा उलगडा होतो. ताज्या पानात टीएचसी बहुतांशी आम्लरूपात असते आणि ते नशा आणीत नाही. उष्णता लागली की त्याचे रूपांतर होते. म्हणून चिलीम पेटवावी लागते आणि माजुमासाठी भांग तुपात परतावी लागते. तो घटक स्निग्ध पदार्थात विरघळतो. म्हणून ठंडाईत दूध आणि बदाम. राळ फुलोऱ्यावर सर्वाधिक. म्हणून भांगेपेक्षा गांजा तीव्र, आणि गांजापेक्षा चरस. आपल्या तीन शब्दांच्या पाठीशी रसायनशास्त्र असे उभे आहे. धूर ओढल्यास काही मिनिटांत परिणाम जाणवतो. प्यायल्यास तास-दोन तास लागतात. होळीला किंवा शिवरात्रीला ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा पेला घेणारे इस्पितळात जातात, ते या कारणाने.

पुढे १९८८ मध्ये मेंदूत टीएचसीला ग्रहण करणारी स्थाने असल्याचे सिद्ध झाले. परकीय वनस्पतीतील द्रव्यासाठी निसर्ग आपल्या मेंदूत जागा राखून ठेवणार नाही. तेव्हा शरीर स्वतःच तसे एखादे द्रव्य तयार करीत असले पाहिजे, असा तर्क करून शोध चालू राहिला आणि १९९२ मध्ये जेरुसलेम येथे मेशुलम यांच्या गटाने ते द्रव्य शोधून काढले. त्याला त्यांनी नाव दिले ‘आनंदामाइड’. आपल्या ‘आनंद’ या संस्कृत शब्दाला रसायनशास्त्राचा ‘अमाइड’ जोडून केलेला हा सामासिक शब्द आज जगातील प्रत्येक वैद्यकीय पाठ्यपुस्तकात आहे. मेशुलम २०२३ मध्ये निवर्तले.

ही ग्रहणस्थाने स्मरण, लक्ष, भूक, हालचालींचा मेळ यांचे नियमन करणाऱ्या भागांत दाट आहेत. श्वसन चालविणाऱ्या मेंदूच्या देठात अत्यंत विरळ. अफूच्या अतिमात्रेने श्वास थांबतो, गांजाने सहसा थांबत नाही, याचे कारण हे. ‘गांजाने कोणी मरत नाही’ या बोलण्यात एवढेच तथ्य आहे. परंतु स्मरण आणि लक्ष यांची केंद्रे झाकोळली जाणे ही शिकत्या मुलाच्या बाबतीत किरकोळ हानी म्हणता येईल काय? मेंदूची जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. स्वीडनमध्ये सैन्यभरतीस आलेल्या ४५,५७० तरुणांचा १५ वर्षे मागोवा घेऊन १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भरतीपूर्वी पन्नासाहून अधिक वेळा गांजा-चरस घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण इतरांच्या सहापट आढळले. नंतरच्या अनेक अभ्यासांनी ही दिशा पक्की केली. जितके लहान वय, जितका तीव्र माल आणि जितके वारंवार सेवन, तितका धोका अधिक. ‘सहापट’ या शब्दाने घाबरूनही जाऊ नये. त्या भारी सेवन करणाऱ्यांतील बहुसंख्य तरुणांना तो आजार झाला नाही. आनुवंशिक कल असलेल्यांना धोका विशेष. पण तो कल आपल्यात आहे की नाही, हे पंधरा वर्षांच्या मुलाला कसे कळावे?

सवय लागण्याविषयी सांगायचे, तर जे कधीतरी घेतात त्यांच्यापैकी सुमारे नऊ टक्के व्यसनाधीन होतात. किशोरवयात आरंभ करणाऱ्यांत हे प्रमाण सहांत एक असे मानले जाते. आपल्या देशापुरता आकडा दिल्लीच्या एम्स संस्थेच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत मिळतो : १० ते ७५ वयोगटातील सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी आदल्या वर्षभरात भांग, गांजा वा चरस घेतला होता, आणि त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना मदतीची गरज होती. आपल्याकडे गांजा बहुधा तंबाखूत मिसळून ओढतात, म्हणजे तंबाखूचे सर्व दुष्परिणाम त्याच चिलमीत.

औषध म्हणून काय, असे विचाराल. कर्करोगावरील उपचारांनी होणारी मळमळ, दीर्घकालीन वेदना, मज्जासंस्थेच्या एका आजारातील स्नायूंचा ताठरपणा, यांत उपयोग होतो असे पुरावे २०१७ च्या अमेरिकन विज्ञान अकादमीच्या समीक्षेने मान्य केले. लहान मुलांतील दोन दुर्धर अपस्मारांवर शुद्ध सीबीडीचे औषध अमेरिकेत २०१८ मध्ये संमत झाले. ओ’शॉनेसींनी लहान मुलांच्या झटक्यांवर अर्क दिला होता, तो धागा जवळजवळ १८० वर्षांनी येथे येऊन मिळाला. आपल्याकडे जम्मू येथील सी.एस.आय.आर.च्या संस्थेत या वनस्पतीवर परवान्याने संशोधन चालते. आयुर्वेदात ‘विजया’ या नावाने ती आहेच. शार्ङ्गधराने तिची गणना ‘व्यवायी’, म्हणजे पचनापूर्वीच देहभर पसरणाऱ्या, द्रव्यांत अफूच्या जोडीने केली आहे. या प्रत्येक ठिकाणी मात्रा मोजलेली आहे, हे लक्षात ठेवावे. पानटपरीमागे मिळणाऱ्या पुडीला यातील एकही दाखला लागू पडत नाही.

कायद्याकडे थोडक्यात वळतो, जरी येथे शब्दाचे महत्त्व सर्वाधिक आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात ‘कॅनॅबिस’ची व्याख्या फुलोऱ्याचे शेंडे अशी केली गेली, शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया वगळल्या गेल्या. भांगेची परंपरा असलेल्या भारतासारख्या देशाला त्यामुळे मोकळीक मिळाली. अन्य सेवन मात्र २५ वर्षांत बंद करावयाचे होते. भारताने १९८५ मध्ये अमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा कायदा केला. त्यास ‘एनडीपीएस’ म्हणतात. त्यातही व्याख्या तीच. गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, मग ते कोणत्याही नावाने ओळखले जावोत. म्हणजे या केंद्रीय कायद्याखाली चरस आणि गांजा गुन्हा, पण केवळ पानांची भांग नव्हे. तिचा विचार राज्यांचे अबकारी वा दारूबंदीचे कायदे आपापल्या परीने करतात. म्हणून काशीच्या सरकारमान्य दुकानाचा दाखला दुसऱ्या राज्यात चालत नाही. आणि पानांत चार शेंडे मिसळले असतील, तर पुडीवर भांग लिहिले असले तरी कायद्याच्या लेखी तो गांजाच.

शिक्षा मालाच्या वजनावर ठरते. गांजा एक किलोपर्यंत असल्यास एक वर्षापर्यंत कैद. २० किलोपेक्षा अधिक असल्यास किमान दहा आणि कमाल वीस वर्षे, शिवाय किमान एक लाख रुपये दंड. चरसाच्या बाबतीत याच मर्यादा १०० ग्रॅम आणि एक किलो. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी ही वनस्पती सर्वांत कठोर यादीतून काढली, आणि भारताने बाजूने मत दिले. त्या बातमीचा अर्थ ‘गांजा सुटला’ असा अनेकांनी लावला. तो चुकीचा आहे. औषधी संशोधनाची वाट थोडी रुंद झाली. भारतीय कायद्याचे एक कलमही त्याने बदलले नाही.

आता आपल्या गावाविषयी. सुरत हे कष्टकऱ्यांचे शहर. लिंबायत, उधना, पांडेसरा येथील यंत्रमागांवर खानदेशातील, ओडिशातील, उत्तर प्रदेशातील माणसे बारा-बारा तास उभी असतात. रेल्वेतून आलेला गांजा पकडल्याच्या वार्ता येथील वृत्तपत्रांत वरचेवर येतात. अशा वार्तांत पकडला जातो तो बहुधा पिशवी वाहणारा मुलगा. वीस किलोची पिशवी आणि एकवीस किलोची पिशवी यांत त्याच्या आयुष्याची किती वर्षे आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. यासाठी एखाद्या प्रांताच्या लोकांकडे बोट दाखविणे हा मात्र पुन्हा रकाना भरण्याचाच प्रकार होय.

तो रकाना आपल्या घरांतही आहे. तरुण मुलगा एकाएकी अबोल होतो, संशय घेऊ लागतो, त्याला आवाज ऐकू येतात. आणि घरातील वडीलधारे ‘कारण : गांजा’ एवढे लिहून मोकळे होतात. मग व्यसन सुटले की बरा होईल, म्हणून मानसोपचार लांबणीवर पडतो. कधी त्याच्या उलट : गांजा खरोखर आहे, पण कुळाची लाज म्हणून रकान्यात ‘बाहेरची बाधा’ लिहिले जाते. दोन्हींत मौल्यवान महिने जातात.

शिक्षकबंधूंना एक सांगावयाचे आहे. ‘एक झुरका घेतलास तर वेडा होशील’ असे मुलांना सांगू नये. त्यांच्या ओळखीच्या एखाद्या मोठ्या मुलाने झुरका घेतलेला असतो आणि तो वेडा झालेला नसतो. एकदा आपले हे वाक्य खोटे ठरले की एमडीविषयी, हेरॉइनविषयी आपण जे खरे सांगू तेही खोटे मानले जाते. जे ठाऊक आहे तेच, तितकेच सांगावे : या वयात मेंदू घडतो आहे, धोका वयाने आणि मात्रेने वाढतो, कायदा वजन पाहतो.

आणि पालकांसाठी एक माहिती. वर उल्लेखिलेल्या कायद्यात ६४ अ हे एक कलम आहे. व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेण्यास पुढे आली, तर सेवनाच्या वा अल्प मात्रेच्या गुन्ह्याबद्दल तिच्यावरील खटल्यास संरक्षण मिळते. उपचार पूर्ण केले पाहिजेत, एवढी अट. पोलिसांच्या भीतीने मुलाला घरात कोंडणाऱ्या आईबापांना हे बहुधा माहीत नसते. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीविषयक विनामूल्य दूरध्वनी क्रमांक १४४४६ आहे. तो शाळेच्या सूचनाफलकावर, मुलांना आणि पालकांना दोघांनाही दिसेल अशा उंचीवर लावावा, अशी मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे.